त्रेचाळीस कार्डं, एकच अक्षर

कारखान्याचं यार्ड, राहुरीच्या बाजूला
१५ डिसेंबर १९९४

यशोधराताई,

जय भीम. पत्राला चार महिने उशीर झाला हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. शिर्डीत आंतरदेशीय घेतलं होतं. त्यावर ‘ताईस’ एवढं लिहून झालं आणि हारवाल्या मालकानं हाक मारली. परत येतो तर पत्रावर झेंडूचं ओलं टोपलं. मग भंडारदऱ्याला दुसरं घेतलं. तिथं धरणाच्या भिंतीवर बसून लिहू म्हणलं, पण भिंतीवर बसलं की माणूस पाण्याकडंच बघतो. ते कोरं आंतरदेशीय एका पुण्याच्या सहलवाल्याला देऊन टाकलं. त्याला बायकोला कळवायचं होतं की चप्पल वाहून गेली. ती चप्पल कशी गेली हा वेगळाच किस्सा आहे, पण राहू दे.

सध्या मी उसाच्या ट्रॅक्टरवर आहे. ड्रायव्हर पुढं, मी मागं. ट्रॉलीची पिन काढायची, घालायची, आणि वाटेत ऊस ओढणाऱ्या पोरांवर ओरडायचं. मी पण लहानपणी ओढायचो म्हणून जरा हळूच ओरडतो.

आता मुद्दा. काल बुधवार. दुपारचे साडेबारा. आमच्या पुढं अकरा ट्रॅक्टर आणि चाळीसेक टायरगाड्या. वजनकाट्यावर नंबर लागायला तीन तास कुठं गेले नाहीत. अशा वेळी यार्डात एकच करमणूक, गहिनीनाथचा रेडिओ. गहिनीनाथ आपल्या पाथर्डीकडचाच गाडीवान. बैलाच्या अंगावर झूल नाही, पण रेडिओला खोळ शिवलेली आहे. तर त्या रेडिओतून एक बाई म्हणाली, “नमस्कार, घडीभर बोलू या कार्यक्रमात तुमचं स्वागत.” माझ्या हातात चहा होता, तो तसाच राहिला.

मी म्हणलं, “ही आमची ताई!”

गहिनीनाथ म्हणाला, “आन् बातम्या देतो त्यो तुजा चुलता का?”

ताई, कुणी विश्वासच ठेवीना. मी सांगितलं, आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने मी हिच्याच घरी जेवायचो, हिचे वडील भाऊसाहेब गुरुजी, हिनंच मला पाटीवर हात धरून अक्षरं शिकवली. तर सगळे म्हणाले, गप ऐकू दे.

तुझा विषय होता सिनेमातलं गाव. ते प्राध्यापक सांगत होते की पडद्यावरचं शेत खोटं असतं. मग तू म्हणालीस, “आता उसाच्या फडातली गाणीच घ्या. तुम्हाला काय वाटतं, श्रोतेहो?” आमच्या टोळीत कडूबाई आहे. चाळिशीची, कोयत्याला जेवढी धार तेवढीच जिभेला. ती गाडीच्या सावलीतून उठली आणि रेडिओपुढं जाऊन उभी राहिली.

“त्या हिरोनीला म्हनावं, एक डाव उसात शिर. पाचटानं गाल फाडला की मंग कंचा सूर लागतोय ते बघू!”

“कडूबाई, रेडिओला ऐकू जात न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला.

“मंग तिनं मला इचारलं कशाला?”

तर ताई, ती तूच आहेस का? असलीस तर कळव. नसलीस तरी कळव, मला यार्डात तोंड दाखवायचं आहे. पत्ता: सूर्यभानचं चहाचं हॉटेल, कारखान्याच्या गेटसमोर.

तुझा
कल्याण

◆

नगर
२३ डिसेंबर १९९४

चि. कल्याणला आशीर्वाद.

हो, मीच ती. गहिनीनाथना सांग, बातम्या देणारा तुझा चुलता नाही, पण चहा पाजला तर होईल म्हणतो.

तुझं पत्र मी दादांना, म्हणजे तुझ्या गुरुजींना, वाचून दाखवलं. चपलेच्या ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, “पोरगं अजून उत्तराच्या आधी समास सजवतंय.” मग कडूबाईंचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मी तिसऱ्यांदा एकटीनं वाचला. कारण ऐक.

केंद्रावर मी हंगामी निवेदिका आहे. ‘घडीभर बोलू’ हा कार्यक्रम माझ्या डोक्यातून निघालेला. दर बुधवारी अर्धा तास पुस्तकं, सिनेमा, लग्नातले नवे थाट, शाळा सोडलेल्या मुली, जे आजूबाजूला चाललंय त्यावर बोलायचं. तेरा आठवड्यांची मंजुरी मिळाली. आता आठ झाले. नवीन साहेब आलेत, माणूस वाईट नाही, पण हिशेबी. ते म्हणाले, “बाई, तुम्ही बोलता छान. पण ऐकतं कोण? पत्रं किती?”

पत्रं सात. त्यातली चार श्रीगोंद्याच्या एकाच गृहस्थांची, आणि चारही पत्रांत ते गाणं लावा म्हणतात.

वीस जानेवारीपर्यंत बऱ्यापैकी पत्रं आली नाहीत तर २५ तारखेचा तेरावा भाग शेवटचा. रोज त्या माईकपुढं बसते आणि वाटतं, भिंतीशी बोलतेय. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की भिंतीपलीकडं एक बाई उठून उत्तर देत होती. कल्याण, यार्डातल्या माणसांना म्हणावं, लिहा. स्तुती नको. जे वाटलं ते लिहा, भांडलात तरी चालेल. पत्ता पाठीमागं लिहिला आहे.

आणि तू स्वतः एका जागी महिनाभर तरी टिक.

ताई

◆

यार्ड
९ जानेवारी १९९५

ताई,

काम फत्ते! त्रेचाळीस कार्डं काल पेटीत टाकली. पेटीचं तोंड लहान, म्हणून पाचपाच करून सारली. सूर्यभान म्हणाला, पोस्टमन आता माझ्या हॉटेलात रोज फुकट चहा मागंल.

तुला वाटत असेल हे कसं जमवलं. आधी मी नुसतं सांगितलं, लिहा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. गहिनीनाथ म्हणाला, “लिवायला आलं असतं तर बैलाच्या मागं कशाला हिंडलो असतो?” मग मी सूर्यभानच्या बाकड्यावर बसलो. ज्याचा नंबर लांब, त्यानं यायचं, बोलायचं. मी लिहिणार. एक शब्द माझा नाही, ताई, शप्पथ. लोक पहिल्या दिवशी लाजले. तिसऱ्या दिवशी रांग लागली, काट्यावर जशी लागते तशी. एकानं तर ऊस उतरवायचा नंबर सोडला आणि कार्डाचा धरला.

अंगठे घेऊ म्हणलं, म्हणजे पक्कं होईल. पण अंगठा म्हणल्यावर सगळ्यांनी हात पाठीमागं नेले. टोळीतला माणूस अंगठा देऊन एकदा फसलेला असतो. मग नुसती नावंच लिहिली. पत्ता काय लिहायचा? सगळे पाचटाच्या कोपीत राहतात, कोप्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या रानात जातील. म्हणून सगळ्यांवर ‘कारखाना यार्ड’ टाकलं.

दोन-तीन नमुने देतो. पुस्तकांच्या भागावर गहिनीनाथचं: “तुम्ही म्हणता माणसं वाचत नाहीत कारण वेळ नाही. आमाला यार्डात रोज तीन तास वेळ असतो, उजेड असतो, बसायला जागा असते. पुस्तकच तेवढं नसतं.”

लग्नाच्या व्हिडिओवरच्या भागाला आसाराम म्हणून म्हातारबा आहेत, त्यांचं: “माझ्या नातीच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं नवरीला तीनदा उंबरा ओलांडायला लावला, पहिल्या दोनदा उजेड कमी पडला म्हणून. माप तीनदा सांडलं. आता तिचा नवरा म्हणतो, घरात तांदूळ टिकत नाहीत ते यानंच.”

कडूबाईचं तर विचारूच नकोस. तिला एक कार्ड पुरलं नाही. मी म्हणलं, बाई, जागा संपली. तर म्हणाली, “मंग बारीक लिव की!”

अक्षर मात्र मी झकास काढलंय. तू शिकवलंस तसं, शिरोरेघ एका दमात आणि ‘ल’ चा पाय मोकळा. साहेब उडीच मारतील.

कल्याण

◆

नगर
१६ जानेवारी १९९५

कल्याण,

साहेबांनी उडी मारली नाही. त्यांनी मला आत बोलावलं.

टेबलावर त्रेचाळीस कार्डं पत्त्यांसारखी मांडलेली. शेजारी माझी गेल्या बुधवारची हस्तलिखित संहिता. त्यांनी नुसतं एक बोट कार्डावरच्या ‘ल’ वर ठेवलं आणि दुसरं माझ्या ‘ल’ वर. मग ‘श्र’. मग शिरोरेघ. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, मी कधी लिहिलं हे?

“बाई,” साहेब म्हणाले, “तुम्ही फार कष्ट घेतलेत.”

मी सगळं सांगितलं. तू, पाटी, यार्ड, कडूबाई. सांगताना मलाच ते रचल्यासारखं वाटत होतं. एक मुलगा, त्याचं अक्षर हुबेहूब माझं, तो बाकड्यावर बसून त्रेचाळीस माणसांची पत्रं लिहितो, आणि त्या माणसांना पत्ता नाही. साहेब म्हणाले, “ही कडूबाई तुम्ही चांगली लिहिलीये. नाटकाकडं वळा.”

त्यांनी कार्डं कपाटात ठेवली. तेरावा भाग शेवटचा. एप्रिलच्या नव्या यादीत माझं नाव राहील की नाही, ते ‘बघू’ म्हणाले. नोकरीपेक्षा मला दुसरंच लागलंय. आठ वर्षांत इतकी खरी पत्रं मी वाचली नव्हती, आणि तीच खोटी ठरली.

दादा म्हणाले, “चूक तुझीच. अक्षर चांगलं शिकवलंस.” मला हसू आलं नाही.

आता कृपा करून आणखी काही करू नकोस. काहीही.

यशोधरा

◆

यार्ड
१९ जानेवारी १९९५

ताई,

पत्र वाचून चहा गेला नाही. सूर्यभाननं विचारलं, कुनी गेलं का? मी म्हणलं, माझं अक्षर गेलं.

मी काही करू नको म्हणालीस. मी एकच केलंय, ते आधी ऐकून घे, मग शिव्या दे.

पहिल्यांदा मी ठरवलं की साहेबांना पत्र लिहायचं, पण डाव्या हातानं, म्हणजे अक्षर तुझ्यासारखं येणार नाही. बसलो. ‘साहेब’ लिहायला पाव तास लागला, आणि ते कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत होतं. कडूबाई मोळी बांधून आली, मागं उभी राहून बघत होती.

“हे काय करतूस रं?”

मग सगळं सांगावंच लागलं. तिचा कोयता खाली पडला.

“म्हंजी मी न्हाईच, आसं म्हनतोय त्यो?”

“तसं नाही, त्याला वाटतं तुमचं बोलणं ताईनंच लिहिलं.”

“आन् ती पोरगी कवा उसात गेल्ती? तिला काय ठावं पाचट कुटं लागतंय?” मग माझ्या डाव्या हाताकडं बोट दाखवून म्हणाली, “आन् तू ह्ये डाव्या हातानं लिवतूस व्हय? खरं कुनी डाव्या हातानं लिवतं का? उजव्यानं लिव. तुज्या नावानं लिव.”

ताई, तिचं बरोबर होतं. मी दहावीच्या गणितात पण असंच केलं होतं, उत्तर चुकेल म्हणून उत्तरच लिहिलं नाही. तर उजव्या हातानं लिहिलं, चांगल्यात चांगल्या अक्षरात. “साहेब, हे अक्षर माझं. ताईनं शिकवलं, त्यात तिचा गुन्हा नाही. बोलणं ज्यांचं आहे ती माणसं इथं आहेत. शिक्षा द्यायची तर मला द्या, मला कुठूनही काढून टाकायची लोकांना सवय आहे.” आणि खाली माझं नाव.

कडूबाई म्हणते, मीच नगरला जाते. पण खाडा झाला की जोडीदाराचा पण कोयता थांबतो, टोळी काही सोडणार नाही. काल ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. तुला माहीत नाही ताई, ती गप्प बसली की यार्डात काटा बंद पडल्यासारखं वाटतं.

मला माफ कर. मी या जागी महिनाभर टिकलो आहे, एवढंच एक चांगलं सांगण्यासारखं.

कल्याण

◆

नगर
२२ जानेवारी १९९५

कल्याण,

शिव्या देत नाही. मागचं पत्र रागात लिहिलं होतं आणि शेवटी ‘ताई’ लिहायचं राहिलं, ते दादांनी दाखवून दिलं.

साहेबांना तुझं पत्र मिळालं. माझ्यासमोर वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि मला विचारलं, “राहुरीच्या पुढं रस्ता कसा आहे हो?” मी म्हणाले, खड्डे आहेत. त्यांचे मामा त्या बाजूला असतात, त्यांच्याकडं जात असतील.

माझं मी ठरवलं आहे. शेवटचा भाग आहे ना? मग पाहुणे कशाला? कार्डं कपाटात असली तरी मला पाठ आहेत. बुधवारी मी तीच म्हणणार, एकेकाचं नाव घेऊन. सुरुवातीला सांगणार, अक्षर माझ्या विद्यार्थ्याचं, बोलणं त्यांचं. संहितेत तसं स्पष्ट लिहून साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी बराच वेळ वाचलं आणि सही केली.

कुणी खोटं म्हणालं तर म्हणू दे. ज्यांचं आहे त्यांना तरी ऐकू जाईल. सगळ्यांना रेडिओजवळ बसव.

तुझीच
ताई

◆

यार्ड
२५ जानेवारी १९९५, दुपार

ताई,

हे पत्र मी आत्ता लिहितोय, तुझा कार्यक्रम चालू असताना, गाडीच्या जोखडावर कागद ठेवून. बैल हलला की रेघ वाकते, ते समजून घे.

साडेबाराच्या आधीच सगळे जमले. गहिनीनाथनं रेडिओची खोळ काढली, आजपर्यंत कधी काढली नव्हती. आसारामबाबा फेटा बांधून आले. मी विचारलं, बाबा, फेटा कशाला? तर म्हणाले, “नाव घेनार हाय म्हनं. उघड्या डोक्यानं कसं ऐकावं?”

तू पहिलंच नाव गहिनीनाथचं घेतलंस. ताई, तो माणूस नऊ वर्षं या यार्डात येतो. इथं त्याला गाडीच्या नंबरानं ओळखतात. रेडिओनं त्याला ‘गहिनीनाथजी’ म्हणलं. तो खाली बघून मातीत काडीनं रेघा ओढत बसला. कुणी चेष्टा केली नाही.

मग आसारामबाबांचं. उंबऱ्याला सगळं यार्ड हसलं. काट्यावरचा कारकून पण खिडकीतून हसत होता.

मग तू म्हणालीस, “आणि आता कडूबाई.” तू तिचं म्हणत गेलीस, पाचट, गाल, सूर. अगदी तिच्यासारखं, जरा शहरी. संपलं तेव्हा मला वाटलं आता ही रडणार. तर ती कमरेवर हात ठेवून उठली.

“आन् फुडचं?”

मी म्हणलं, “पुढचं काय?”

“मी एवढंच बोलले हुते व्हय? फडात बाई गात न्हाई आसं मी कुटं म्हनलं? गाती की! पहाटंला, मोळ्या भरताना, थंडीनं बोटं वाकत न्हाईत तवा गाती. पर ते गानं हिरोसाठी नसतं. शेजारच्या पातीवरली बाई जागी हाय का, बिबट्यानं तर न्हाई नेली, ते बघाया आसतं. हिनं वरून हाळी दिली की तिनं खालून द्यायची. त्ये गानं! त्ये का न्हाई लिवलं, मुडद्या?”

“जागा संपली होती, कडूबाई.”

“तरी म्हनले हुते बारीक लिव!” आणि माझ्या पाठीत एक रट्टा. अक्षर इथं वाकलंय ते बैलामुळं नाही.

सगळे हसायला लागले. आणि त्या हसण्यात एक आवाज अनोळखी होता. मी वळून बघितलं. टायरगाडीच्या चाकाला टेकून एक गृहस्थ उभे. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, खांद्याला कातडी पेटीतला टेपरेकॉर्डर. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. ताई, अक्षर लांबूनच ओळखलं मी. माझंच ते.

मी म्हणलं, “कडूबाई, साहेब.”

“कंचं? काट्याचं?”

ते गृहस्थच पुढं आले. “नाही. केंद्रावरून आलोय.” मग कडूबाईला म्हणाले, “हे आत्ता जे म्हणालात ना, शेजारच्या पातीवरची बाई जागी आहे का ते… हे कार्डावर नव्हतं.”

“न्हाई ना! ह्या मुडद्यानं ठिवलंच न्हाई.”

“आणि आमच्या निवेदिकेला पण माहीत नव्हतं.”

“तिला कसं ठावं आसंल? तिला कुनी सांगितलं?”

साहेब माझ्याकडं बघून हसले, मग तिच्याकडं. म्हणाले, “मग तुम्हीच सांगा. पुढच्या बुधवारी घेऊ. आणि त्याच्या पुढच्या बुधवारी यांचं,” म्हणून त्यांनी गहिनीनाथकडं बोट केलं.

ताई, पुढच्या बुधवारी म्हणाले! त्याच्या पुढच्या पण! मी कानानं ऐकलं. तू अजून तिकडं माईकपुढं बसून ‘आता निरोप घेते’ म्हणतेयस आणि साहेब इकडं कडूबाईच्या गोणपाटावर मांडी घालून बसलेत, टेपची बटणं दाबतायत. ती त्यांना म्हणतेय, “त्ये यंत्र मागनं चालू करा. आदी भाकर खाल का?”